भिंतीवर गाडी चढवण्याबाबत

सूनबाईंची चूक एकच होती, पण ती रोज सकाळी चहाच्या वेळी होत असे. सासूच्या समोर बसून, सासूबद्दलच, त्या इंग्रजीत बोलत.

आता सुनेनं सासूबद्दल बोलूच नये असं मोठ्या बाईंचं म्हणणं नव्हतं. त्या स्वतः सून होत्या तेव्हा सासूबद्दल इतकं आणि इतकं रंगवून बोलत की नळावर बायका हंडे भरले तरी घरी जात नसत. पण बोलण्याची एक रीत असते. नळावर बोलावं, माहेरी बोलावं, भांडी घासताना भांड्यांशी बोलावं. अगदीच समोर बोलायची वेळ आली तर 'लेकी बोले सुने लागे' आहेच. दारातल्या कुत्र्याला झोडपावं, ज्याला लागायचं त्याला लागतं. यात समोरच्याचा मान राहतो. आपल्याबद्दल चाललंय हे त्याला कळतं, आणि तोही मांजराला चार शब्द सुनावून परतफेड करू शकतो. सूनबाईंच्या इंग्रजीत ही सोय नव्हती. समोर बसवून कानात बोळे घालायचे आणि वर "आई, अजून चहा देऊ का?" असं गोड विचारायचं, हा अपमान चहापेक्षा जास्त चटका देणारा होता.

मोठ्या बाईंना सगळी इमारत मोठ्या बाई म्हणे. त्या वयानं मोठ्या होत्या म्हणून नव्हे, आवाजानं होत्या म्हणून. शिक्षण चौथीपर्यंत. त्या वर्षी शाळेनं हार मानली की त्यांनी, याबद्दल घरात दोन मतं होती, पण दुसरं मत उघड बोलायची कुणाची छाती नव्हती. तरी इंग्रजी अगदीच येत नव्हतं असं कुणी समजू नये. वॉल, रूफ, डोअर, कॉर्नर, फीट, ब्रेक हे शब्द त्या रंगाऱ्याशी आणि गवंड्याशी भांडता भांडता शिकल्या होत्या. आणि भांडणात शिकलेली भाषा माणूस विसरत नाही.

त्या रविवारी चहा झाला. मोठ्या बाई बशी विसळायच्या निमित्तानं उठल्या आणि ओट्यापाशी पाठ करून उभ्या राहिल्या. पाठीला कान असतात हे नव्या पिढीला ठाऊक नाही.

"शी ड्राइव्ह्ज मी अप द वॉल," सूनबाई म्हणाल्या.

"आय नो," चिरंजीव म्हणाले. चिरंजीव कचेरीत पंधरा माणसांचे साहेब होते, घरी मात्र कुणाचेच नव्हते. "बट इफ वी मूव्ह आउट, शी विल हिट द रूफ."

"देन यू ब्रेक इट टु हर."

"मी? नाही गं. आय विल गेट कोल्ड फीट."

मोठ्या बाईंनी नळ मोठा केला, म्हणजे आपल्याला ऐकू येत नाहीये असं त्यांना वाटावं. मग खोलीत जाऊन कॅलेंडरच्या मागच्या बाजूला सगळं लिहून काढलं. वॉल म्हणजे भिंत, रूफ म्हणजे छप्पर, ब्रेक म्हणजे तोडफोड, फीट म्हणजे फूट. ड्राइव्ह म्हणजे गाडी चालवणे, हे तर लहान पोरालाही कळतं. एवढं सगळं एका चहात निघालं आणि तरी म्हणायचं घरात काही चाललेलं नाही?

घरात बांधकाम निघत होतं. आणि घराची मालकीण बशी विसळत होती.

समोरच्या घरात नर्सबाई राहत. तीस वर्षं इस्पितळात काढून निवृत्त झालेल्या. त्यांचं इंग्रजी चांगलं, पण सगळं आजाराचं. माणूस धडधाकट असला की त्यांना शब्द सुचत नसे. मोठ्या बाई कॅलेंडर घेऊन त्यांच्याकडे गेल्या.

"इंग्रजीत एक लक्षात ठेवायचं, मोठ्या बाई," नर्सबाई चष्मा लावत म्हणाल्या, "शब्दाच्या तोंडाकडे नाही, शेपटाकडे बघायचं. शेपूट हललं की अर्थ हलला. आता बघा, 'पास' झाला तर अभिनंदन करायचं. 'पास आउट' झाला तर तोंडावर पाणी मारायचं. आणि 'पास अवे' झाला तर नातेवाइकांना बोलवायचं. मी नवीन होते तेव्हा शेपूट चुकले होते. एका बेशुद्ध माणसाच्या बायकोला सांगितलं, गेले तुमचे. तिनं हंबरडा फोडला, तर हा उठून बसला आणि म्हणतो, कोण गेलं?"

"काय ही भाषा!" मोठ्या बाई म्हणाल्या. "क्रियापदं चार, आणि त्यांना वर, खाली, आत, बाहेर अशी ठिगळं लावून संसार चाललाय. एवढं राज्य केलं, चार शब्द जास्त करून घेता आले नाहीत?"

(आपल्याकडे आवाज बसतो, घसा बसतो, धंदा बसतो, विश्वास बसतो, आणि यातलं कुणीही खुर्ची मागत नाही, हा विचार त्यांच्या मनात आला नाही. आला असता तरी त्यांनी तो दारातूनच परत पाठवला असता.)

नर्सबाईंनी कॅलेंडर वर धरलं, खाली धरलं, एक्स-रे बघतात तसं उजेडाकडेही धरलं.

"ड्राइव्ह, अप, वॉल. म्हणजे गाडी भिंतीवरून वर. तिसऱ्या मजल्यावर."

"गाडी? वर?"

"आजकाल गाडीला लिफ्ट असते. माझ्या भाचीच्या तिकडे आहे. गाडी थेट गॅलरीत येते, लोक शर्टाला इस्त्री करून सरळ आत बसतात. त्यासाठी भिंत तोडणार, हे तुमचं ब्रेक. वरचं छप्पर ठोकून घेणार, हे हिट द रूफ. कोल्ड फीट म्हणजे तेवढ्या फुटांची थंड खोली. एसी."

"आणि हे मूव्ह आउट?"

"वॉर्डात आम्ही हे नेहमी म्हणायचो. खाट बाहेर हलवणे."

"कुणाची खाट?"

नर्सबाईंनी कॅलेंडर पुढच्या बाजूला उलटलं आणि तारखा बघू लागल्या. उत्तर द्यायचं नसलं की शिकलेली माणसं तारखा बघतात.

थंड खोली करायला घरात खोली एकच होती, पूर्वेची. त्या खोलीत मोठ्या बाईंची खाट होती. ती खाट गॅलरीत जाणार, म्हणजे मोठ्या बाई गॅलरीत जाणार. चाळीस वर्षं ज्या घराचा उंबरा आपण झिजवला, त्याच घराच्या कठड्याला आपण कुंडीसारखं टेकून बसायचं आणि सुनेनं सकाळ-संध्याकाळ पाणी घालायचं. घर फिरलं की घराचे वासे फिरतात म्हणतात. इथे वासे फिरवायला गवंडी ठरत होता.

"सरळ विचारा ना मुलाला," नर्सबाई म्हणाल्या.

"मी विचारू? माझ्या घरात काय चाललंय हे मी विचारायचं? म्हणजे मला कळत नाही हे मीच कबूल करायचं?"

"मग तळमजल्यावरच्या मास्तरांना दाखवा. जन्मभर इंग्रजी शिकवलं त्यांनी."

मास्तरांचं नाव निघताच मोठ्या बाईंनी कॅलेंडरची गुंडाळी केली. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी जिना झाडण्याबद्दल एक सूचना स्वहस्ते लिहून जिन्यात चिकटवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यावर लाल शाईनं अकरा दुरुस्त्या होत्या. ऱ्हस्व-दीर्घाच्या. तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं. जिन्यात समोरासमोर आले की दोघंही कठड्याशी बोलत.

"मग राहिला अर्ज," नर्सबाई म्हणाल्या. "नगरपालिकेत अर्ज टाका. अर्ज पडला की भल्याभल्यांची बांधकामं थांबतात."

अर्ज टाकायचा तर पुरावा हवा, म्हणून मोठ्या बाईंनी आणखी दोन दिवस कान टवकारून काढले. मंगळवारी सकाळी सूनबाई बॅग खांद्याला लावून निघाल्या, तेव्हा चिरंजीव दारात हळूच म्हणाले, "तुझ्या ताईशी फोनवर बोलशील, पण आईसमोर नको. डोन्ट लेट द कॅट आउट ऑफ द बॅग."

कॅट म्हणजे मांजर. बॅग म्हणजे बॅग. यात शेपूट असलंच तर ते मांजराचं होतं.

दिवसभर मोठ्या बाईंना दुसरं सुचलं नाही. बांधकाम ते बांधकाम, वर घरात चोरून जनावर! आणि ते बॅगेत कोंडून कचेरीत नेतात, आणतात! संध्याकाळी सूनबाई आल्या, बॅग खुर्चीवर टाकून तोंड धुवायला गेल्या. मोठ्या बाई पावलांचा आवाज न करता जवळ गेल्या. बॅग गुरगुरत होती. अगदी बारीक, थांबून थांबून, उपाशी मांजर गुरगुरतं तशी.

बॅगेतला फोन आवाज बंद करून ठेवला की असाच थरथरतो, हे त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं. घरात ज्या माणसाला कुणी काही सांगत नाही, त्याचं हे असं होतं.

मोठ्या बाई तोंडानं कितीही फटकळ असल्या तरी मुक्या जनावरावर राग काढणाऱ्या नव्हत्या. त्यांनी बशीभर दूध आणलं, बॅगेचं तोंड एक बोटभर उघडलं आणि बशी आत सरकवली. आत मांजर नव्हतं, पण उतार होता.

"आई, बॅगेत दूध कसं आलं?" सूनबाईंनी लॅपटॉप उलटा धरला होता. त्यातून थेंब गळत होते.

"मांजराला विचार," मोठ्या बाई ताठ मानेनं म्हणाल्या.

सूनबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्यानं छताकडे बघितलं. "आय थिंक शी इज लूझिंग इट," ते पुटपुटले.

मोठ्या बाईंनी कॅलेंडरवर नोंद केली: काहीतरी हरवते आहे. तपास करणे.

बुधवारी त्या नगरपालिकेत गेल्या. खिडकी क्रमांक एकनं चारकडे पाठवलं, चारनं दोनकडे, आणि दोननं विचारलं की एकवर विचारलंत का. अखेर तीनमध्ये एक कारकून सापडला, तो केवळ तिथला माणूस चहाला गेला म्हणून त्या खुर्चीत टेकला होता.

"बोला आजी."

"मी तुमची आजी नाही. तुमची आजी असते तर तुम्ही सरळ बसला असता."

कारकून सरळ बसला आणि त्यानं छापील नमुना पुढे घेतला. "अनधिकृत बांधकामाची तक्रार. बांधकाम झालंय की व्हायचंय?"

"व्हायचंय."

"मग अजून अनधिकृत कसं?"

"मला न विचारता व्हायचंय, म्हणून."

कारकुनानं यावर विचार केला आणि 'प्रस्तावित' असं लिहिलं. "भिंतीची उंची?"

"नुसतं अप म्हणाली. किती अप ते नाही म्हणाली."

"अतिक्रमण करणारी व्यक्ती?"

"माझी सून."

"तक्रारदाराचं तिच्याशी नातं?"

"सासू."

कारकुनानं पेन खाली ठेवलं. "बाई, ही जागा नात्यासाठी आहे. कारणाची जागा खाली आहे."

मोठ्या बाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं मुकाट्यानं पेन उचललं. पुरावा म्हणून त्यांनी कॅलेंडरवरची वाक्यं जशीच्या तशी उतरवून दिली. विषयाच्या ओळीत कारकुनानं सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'तिसऱ्या मजल्यावर भिंतीवरून गाडी चढवण्याबाबत.' लिहिताना त्याच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. एवढं गंभीर माणूस फक्त सरकारी कागदासमोरच राहू शकतो.

वर्षानुवर्षं अर्ज पडून राहतात अशी नगरपालिकेची ख्याती. नळाला दुपारचं पाणी येत नाही हा मोठ्या बाईंचा अर्ज सहा वर्षं पडून होता. पण गाडी भिंतीवर चढते हे बघायची इच्छा कुणाला होणार नाही? शनिवारी सकाळी, सगळे घरात असताना, तपासणी साहेब टेप घेऊन दारात हजर.

"गाडी कुठाय?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

"खाली," चिरंजीव म्हणाले. "का?"

साहेबांनी गॅलरी मोजली, भिंती वाजवून बघितल्या, छपराकडे मान वर करून उभे राहिले. मोठ्या बाई त्यांच्यामागून बोट दाखवत फिरत होत्या. काहीच सापडेना, तेव्हा साहेब म्हणाले, "पंचनामा करावा लागेल. पंच आणा. अट एकच, तक्रारदाराशी सलोख्याचे संबंध नसलेला हवा."

अख्ख्या इमारतीत या अटीत मास्तरांइतकं चपखल बसणारं कुणी नव्हतं. नर्सबाई त्यांना बोलावून घेऊन आल्या. मास्तर कठड्याला नमस्कार करून आत आले.

साहेबांनी अर्ज उघडला आणि पुरावा मोठ्यानं वाचायला घेतला. "शी ड्राइव्ह्ज मी अप द वॉल. असं सूनबाई चहाच्या वेळी म्हणाल्या."

सूनबाईंच्या हातातला कप तिथेच थांबला. चिरंजीव गॅस बंद आहे का बघायला आत गेले. गॅस बंदच होता, तरी ते बाहेर येईनात.

मास्तरांनी हात पुढे केला. "कागद बघू." त्यांनी सगळं एकदा वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला. "साहेब, टेप गुंडाळा. इथे गाडी नाही, भिंत नाही, छप्परही नाही. हे वाक्प्रचार आहेत."

साहेब फिस्सकन हसले. नर्सबाईही पदराआड हसल्या. मोठ्या बाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आयुष्यात त्यांनी पुष्कळ जणांना हसवलं होतं, पण ते दुसऱ्यांच्या खर्चानं.

मास्तर साहेबांकडे वळले. "हसू नका. उद्या एखाद्या इंग्रजानं ऐकलं की अमकी बाई सासूच्या डोक्यावर मिरे वाटते आणि नाकानं कांदे सोलते, तर तो काय करेल? पाटा शोधेल, सालं शोधेल. शब्द यांना बरोबर कळले होते. एकही चुकलेला नाही."

नऊ वर्षांत या माणसाकडून प्रथमच दुरुस्तीखेरीज काही आलं होतं. मोठ्या बाई खुर्चीत बसल्या. "अर्थ सांगा," त्या म्हणाल्या. सरळ मास्तरांना, कठड्याला नव्हे.

"बाई, राहू द्या."

"सांगा."

"पहिल्याचा अर्थ, या बाईंमुळे माझ्या डोक्याचा भुगा होतो."

"बरं. दुसरा?"

"हिट द रूफ. बाई भयंकर संतापतील."

"संतापतेच. त्याला इंग्रजी कशाला लागतं? पुढे."

"कोल्ड फीट. ऐन वेळी कच खाणे."

"हे माझा मुलगा स्वतःबद्दल म्हणाला ना?" त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. "मग खरं बोलला. आणि ते मांजर?"

"गुपित फुटू द्यायचं नाही, एवढंच. मांजर नाही."

"आणि लूझिंग इट? काय हरवलंय?"

मास्तरांनी घसा साफ केला. "तुमचं... भान."

मोठ्या बाईंनी पदर नीट केला, दोन्ही हात मांडीवर ठेवले. "ब्रेक इट टु हर?"

"वाईट बातमी हलक्या हातानं सांगणे."

"कुठली बातमी? मूव्ह आउटची? माझी खाट गॅलरीत टाकायची ती?"

जन्मभर वर्गात उत्तरं सांगितलेल्या मास्तरांनी हा एक प्रश्न सोडवायला कागद सूनबाईंपुढे धरला. साहेब टेपचं टोक आत-बाहेर करत राहिले.

"तुमची खाट नाही, आई," सूनबाई म्हणाल्या. कप खाली ठेवून, सरळ, मराठीत. "आम्ही जाणार आहोत. दुसरं घर बघितलंय, भाड्याचं. पुढच्या महिन्यात."

चिरंजीव स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे होते. त्यांच्या पायांना घाम आला होता की ते गार पडले होते, हे बघायला कुणाला सवड नव्हती.

गॅलरीत कुंडी होऊन राहण्याची मोठ्या बाईंनी आठवडाभर तयारी केली होती. भांडायची वाक्यंसुद्धा ठरवून ठेवली होती. पण खाट तिथेच राहणार आणि घरच उठून जाणार, यासाठी त्यांच्याकडे एकही वाक्य तयार नव्हतं.

"का?" त्यांनी विचारलं. एवढा लहान शब्द त्यांच्या तोंडून घरात कुणी ऐकला नव्हता.

"का?" सूनबाईंचा आवाज चढला, आणि चढताना थोडा फाटला. "सात वर्षांत मी केलेली एकही गोष्ट तुम्हाला बरोबर वाटली नाही. मी चहा केला की तुम्ही त्यात चमचाभर पाणी घालता. मी पुसलेला ओटा तुम्ही पुन्हा पुसता. माझ्यासमोर! मी टॉवेलाची घडी घालून ठेवली की तुम्ही ती उलगडता आणि परत घालता. सात वर्षं, आई. रोज. मला वाटतं मी या घरात पाहुणी आहे आणि माझं जाणं लांबलंय."

नर्सबाईंनी तारीख बघायला कॅलेंडर शोधलं, पण ते मोठ्या बाईंच्या मांडीवर होतं.

साहेबांनी हळूच विचारलं, "मग मी अहवालात काय लिहू?"

"लिहा, बांधकाम आढळलं नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. मग त्या उठल्या आणि सुनेच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. सुनेपेक्षा त्या वीतभर बुटक्या होत्या, पण हे आजवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"हे आत्ता बोललीस तसं सात वर्षांत एकदा तरी का नाही बोललीस? बोलली असतीस तर मी भांडले असते. कडाकडा भांडले असते. तू रडली असतीस, मी जेवले नसते, आणि चौथ्या दिवशी दोघींना कळलं असतं कुणाचं किती खरं ते. ते सोडून तू मला माझ्याच टेबलाशी बहिरी करून बसवलंस. जायचं तर जा, मी उंबऱ्यात आडवी पडणार नाही, सामानसुद्धा बांधून देईन. पण त्याआधी एक महिना माझ्याशी मराठीत भांडून बघ, तोंडावर, असाच आवाज चढवून. चहाचं तुझं खरं आहे, उद्यापासून मी पाणी घालणार नाही. ओट्याचं बघू. टॉवेलाची घडी मात्र तू चुकीचीच घालतेस, आणि ती कुठल्याही भाषेत चुकीचीच आहे."